तुरुंगाने वाचवलेली बाई

पुणे

चि. सायली,


फोटो पोचले. ती लाल विटांची वळणं घेत गेलेली भिंत मला फार आवडली. तू लिहिलंस की वास्तुशिल्पी आल्तोने बांधलेला हा मैफिलींचा हॉल, आणि इथे १९६७मध्ये जिमी हेंड्रिक्स वाजवून गेला. बरोबर आहे. पण हे हेलसिंकीतलं कुल्तूरितालो १९५८ साली उभं राहिलं ते फिनलंडच्या कम्युनिस्ट पक्षासाठी, आणि पक्षाच्या माणसांनी बिनपगारी घाम गाळून. त्या पक्षाची सर्वांत गाजलेली बाई म्हणजे हेर्ता कुसिनेन. तिची गोष्ट कळल्याशिवाय ती भिंत नुसती भिंतच राहील.

जन्म १९०४चा. वडील ओटो विले कुसिनेन. फिनलंडच्या १९१८च्या यादवीत लाल, म्हणजे समाजवादी बाजू हरली, ते रशियात पळाले आणि पुढे कॉमिन्टर्नच्या, म्हणजे मॉस्कोतल्या जागतिक कम्युनिस्ट संघटनेच्या, मोठ्या पुढाऱ्यांत जाऊन बसले. (१९२८मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप चालू होता, आणि त्याच वेळी हिंदुस्थानसारख्या वसाहतींत कम्युनिस्टांनी कसं वागावं, हे मॉस्कोच्या अधिवेशनात हे फिनिश गृहस्थ सांगत होते!) हेर्ता १९२२मध्ये वडिलांकडे गेली, कॉमिन्टर्नच्या कचेरीत कामाला लागली. १९३४मध्ये पक्षाच्या छुप्या कामासाठी फिनलंडला परतली, आणि त्याच वर्षी पकडली गेली. पक्षावर बंदीच होती. १९३९पर्यंत ती गजांआड.

आता तारखा लावून बघ. ती फिनलंडच्या तुरुंगात होती त्याच वर्षांत स्तालिनने मॉस्को आणि सोव्हिएत करेलियातले फिनिश कम्युनिस्ट वेचून वेचून संपवले. करेलियातले पुढारी ग्युलिंग आणि रोव्हिओ यांना गोळ्या घातल्या. १९१८च्या लाल सरकारचा प्रमुख मान्नेर छावणीत मेला. हेर्ताची सावत्र आई आइनो हिला अटक झाली, सख्खा भाऊ एसा यालाही. वडिलांच्या केसाला मात्र धक्का लागला नाही. ती मॉस्कोत असती तर वाचली असती का? मला नाही वाटत. वर्गशत्रूच्या कुलपानेच तिला राखलं. आणि तरीही तिची निष्ठा जन्मभर मॉस्कोवरच राहिली. हे मला आजही उलगडत नाही, आणि अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकायलाही मन धजत नाही.

३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या. दुसऱ्याच दिवशी सरहद्दीवरच्या तेरियोकीत एक कळसूत्री सरकार जाहीर झालं, त्याचे प्रमुख हिचे वडील. त्या सरकारला फिनिश कामगारांनीसुद्धा भीक घातली नाही. बापाचं ते आडनाव घेऊन लेकीला त्याच देशात राजकारण करायचं होतं! १९४१मध्ये ती पुन्हा आत गेली, सुटली १९४४मध्ये रशियाशी युद्धविराम झाल्यानंतर.

मग मात्र दिवस पालटले. १९४५च्या निवडणुकीत कम्युनिस्टांच्या आघाडीला दोनशेपैकी ४९ जागा मिळाल्या, हेर्ता खासदार झाली. तिचा नवरा युर्यो लेइनो गृहमंत्री. मार्च १९४८मध्ये, प्राग नुकतंच कम्युनिस्टांच्या हाती गेलं असताना, चेकोस्लोव्हाकियाची वाट तीच आपली वाट, असं ती जाहीर सभेत बोलून गेली. वक्तृत्व फर्डं होतं, पण हे बोलणं अंगाशी आलं. लोक धास्तावले. मे महिन्यात लेइनोची खुर्ची गेली: १९४५मध्ये त्याने वीस माणसं परस्पर रशियाच्या हवाली केली होती, ते प्रकरण संसदेत बाहेर निघालं. कामगार संपावर उतरले, तडजोड म्हणून हेर्ताला बिनखात्याची मंत्री केलं. ते मंत्रिपद जुलैपर्यंतच टिकलं. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत आघाडीच्या जागा ४९च्या ३८ झाल्या.

१९५८मध्ये, म्हणजे तुझी ती इमारत पुरी झाली त्याच वर्षी, आघाडी ५० जागांसह पहिल्या क्रमांकावर आली, तरी सत्तेबाहेरच राहिली. हेर्ता सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत खासदार होती. १९६८मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा तिच्याच पक्षाच्या नेतृत्वाने निषेध केला आणि पक्ष उभा चिरला गेला. १९७४मध्ये ती वारली, तीही मॉस्कोत.

लेइनोचं आणि तिचं लग्न केव्हाच मोडलं होतं. गृहमंत्रिपदाच्या आठवणी त्याने लिहिल्या, पुस्तक १९५८मध्ये छापूनही झालं, पण मॉस्कोने डोळे वटारल्यावर प्रती बाजारात येण्याआधीच मागे घेतल्या गेल्या. ते लोकांच्या हाती पडलं थेट १९९१मध्ये. तुझं फिनिश आता बरंच सुधारलंय म्हणतेस, तर लायब्ररीतून ते आण. हेर्ताबद्दल त्याने काय लिहिलंय तेवढं मला सवडीने कळव, फोनवर नको, लिहून.

तुझी
आत्या