पुस्तकांची भिशी

घर भाड्यानं घेताना आपण किती चौकशा करतो! पाणी किती वेळ येतं, किराण्याचं दुकान किती लांब आहे, डॉक्टर जवळ आहेत का, मुलांच्या शाळेची बस कुठं थांबते. पण जवळपास पुस्तकांचं दुकान आहे का, असं विचारणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. जणू पुस्तक ही गरजेची वस्तूच नाही.

माझं नशीब असं, की न विचारताच मला असं दुकान मिळालं. वडोदऱ्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर ते आहे. दुकान कसलं, लांबट खोलीच म्हणा ना. पुढं वह्या, कंपासपेट्या आणि शाळेची पुस्तकं. त्यामागं गुजराती, मग हिंदी-इंग्रजी आणि अगदी शेवटी भिंतीला लागून मराठी पुस्तकांचं एक कपाट. मालक गुजराती आहेत, पण त्यांचं सारं बालपण मराठी शेजारात गेलं. त्यामुळं ते मराठी बोलतात आणि वाचतातही. वयानं सत्तरीला आलेल्या या गृहस्थांना आम्ही सगळेच काका म्हणतो.

दाराशी एक फळा टांगलेला असतो. नवीन काय आलं, कोणत्या दिवाळी अंकांची नोंदणी सुरू झाली, हे काका त्यावर खडूनं लिहितात. अर्धा मजकूर गुजरातीत, अर्धा मराठीत. भाजी आणायला निघालेल्या बायकाही तो फळा वाचूनच पुढं जातात.

वाचणारं शहर

या शहराला वाचनाचं वेड तसं जुनं आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना इथं बोलावलं. त्यांच्या मदतीनं संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. इथं मराठी साहित्य संमेलन १९०९ मध्ये भरलं होतं आणि २०१८ मधलं ९१वं संमेलनही याच शहरात झालं. मराठी माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आमच्या घरातली ही चौथी पिढी.

पण चौथ्या पिढीचं मराठी कसं? माझी मुलगी सातवीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणी गुजराती. घरात मराठी बोलते, पण वाचायचं म्हटलं की हिंदीच्या आधारानं एकेक अक्षर लावत जाते. 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' वेगळा, हे तिला डोळ्यांनी कळत नाही. लिपी एकच, उच्चार दोन. ती चिडून पुस्तक मिटायची.

कपाट जाणार?

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी दुकानात गेले, तेव्हा काका मराठी कपाटावरची धूळ झटकत होते. म्हणाले, ''बेन, दिवाळीनंतर हे कपाट काढावं म्हणतो. इथं प्रोजेक्टचं सामान ठेवीन.''

मला धक्काच बसला. त्यांनी शांतपणे हिशेब सांगितला. पुस्तकामागं दुकानदाराला जे कमिशन मिळतं, त्यातूनच जागेचं भाडं, विजेचं बिल, मदतनिसाचा पगार आणि पुण्या-मुंबईहून पार्सल आणण्याचा खर्च भागवायचा. लोक येतात, पुस्तक चाळतात, फोनवर त्याचा फोटो काढतात आणि घरी जाऊन सवलतीत मागवतात. निम्मं कपाट वर्षभर हललेलं नव्हतं. ''चार पुस्तकं विकली गेली तर पाचवं मागवता येतं ना?'' ते म्हणाले.

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. मोठमोठी दुकानंही याच वाटेनं गेली आहेत. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली सुरू झालेलं. वाचकांच्या कितीतरी पिढ्या त्यानं घडवल्या. तेही २०१८ मध्ये बंद झालं. मग आमच्या गल्लीतल्या एका कपाटाची काय कथा!

घरी आल्यावर सासूबाईंना हे सांगितलं. त्यांना मधुमेह आहे आणि त्यामुळं डोळे अधू झाले आहेत. वाचता येत नाही, हे त्यांचं सर्वांत मोठं दुःख. त्या एवढंच म्हणाल्या, ''तुम्ही बायका साड्यांची भिशी लावता, भांड्यांची लावता. पुस्तकांची लावायला काय हरकत आहे?''

बारा जणी, बारा महिने

कल्पना इतकी साधी होती, की आधी कशी सुचली नाही याचंच नवल वाटलं. ओळखीतल्या बारा जणी जमवल्या. त्यांत दोन गुजराती मैत्रिणीही होत्या. दरमहा प्रत्येकीनं ३०० रुपये काढायचे, म्हणजे ३,६०० रुपये होतात. चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल, तिनं त्या पैशांतून काकांच्याच दुकानातून पुस्तकं घ्यायची. त्यांतली निम्मी तरी मराठी हवीत. स्वतः वाचून झाली की ती इतर अकरा जणींमध्ये फिरवायची. वर्ष संपेपर्यंत प्रत्येकीला आपले पैसे पुस्तकरूपानं परत मिळतात आणि वाचायला मिळतात बारा जणींची पुस्तकं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एकीनं चार महिन्यांत भिशी सोडली. एकीच्या यजमानांनी विचारलं, ''रद्दीत जाणाऱ्या वस्तूवर इतके पैसे?'' तिनं त्यांना महिन्याच्या हॉटेलच्या बिलाची आठवण करून दिली. पुढं तेच गृहस्थ पुस्तकांसाठी नंबर लावू लागले.

त्या दिवाळीनंतर कपाट जागच्या जागी राहिलं. आता भिशीचं दुसरं वर्ष चालू आहे. कपाटाची दोन झाली, असं काही मी सांगणार नाही, कारण तसं झालेलं नाही. मात्र कपाटावर धूळ नसते. काका महिन्यातून एकदा पार्सल मागवतात, आणि फळ्यावर मराठीच्या दोन ओळी जास्त येतात.

काय वाचलं?

भिशीतल्या आवडत्या पुस्तकांची यादी पुष्कळ जणी मागतात, म्हणून इथं थोडक्यात देते.

पहिला मान लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. पतीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर कोसळलेलं दुःखही त्या इतक्या निर्मळपणे सांगतात, की हसताहसता डोळे भरून येतात. शाळेचं फारसं तोंड न पाहिलेल्या बाईनं हे लिहिलं, हे विशेष.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) छोटी आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आणि दुष्काळानं उठून जाणारं गाव. ज्यांना जाड पुस्तकाची भीती वाटते, त्यांनी इथून सुरुवात करावी. नव्यांपैकी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' घ्या. धरणामुळं उठवलेल्या माणसांची ही कादंबरी. तिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. भाषा गावाकडची आहे, दहा पानं धीर धरा, मग ती आपोआप कानात बसते.

वयात येणाऱ्या मुलांना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' जरूर द्या. गुलामीत जन्मलेला एक अनाथ मुलगा पुढं थोर कृषिशास्त्रज्ञ कसा झाला, हे वाचताना उपदेशाचा कंटाळा येत नाही. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर', आणि शाळेवर रुसलेल्या मुलांसाठी व त्यांच्या आईबाबांसाठीही 'तोत्तोचान'. मूळ जपानी असलेलं हे पुस्तक मराठीत उपलब्ध आहे.

नव्यानं संसार मांडणाऱ्या मुलीला कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' द्यावी. ते १९७० सालचं पुस्तक आहे, पण वाटी-चमच्याचं त्यातलं माप आजही चुकत नाही.

आमच्या गुजराती मैत्रिणींनी आम्हाला काका कालेलकर वाचायला लावले. साताऱ्यात जन्मलेला हा मराठी माणूस गुजरातीत इतकं सुंदर लिहीत असे, की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी झाली, की शेजार घट्ट होतो.

आजीचे डोळे

माझ्या मुलीला मात्र या थोर पुस्तकांनी जिंकलं नाही. तिला जिंकलं भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'नं. एकदा सासूबाईंनी तिला सहज म्हटलं, ''मला दिसत नाही गं, तू वाच ना.'' चिडणारी मुलगी आजीसाठी अडखळत वाचू लागली. 'च' चुकला की आजी नुसती भुवई उंचावे. फेणेच्या 'ट्टॉक'ला मात्र दोघी एकदम हसत. आता रोज रात्री जेवणानंतर त्यांची वीस मिनिटं ठरलेली असतात. सध्या 'श्यामची आई' चालू आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे आजीनंच तिला सांगितलं. शाळेत मराठीचा एकही तास नसताना मुलगी आता पानभर मजकूर न थांबता वाचते.

सवलतीत घरपोच येणारं पुस्तक वाईट असतं, असं माझं म्हणणं नाही. लांबच्या गावी तोच एक आधार असतो. पण ''आजीला ऐकवायचंय ना? मग टाइप मोठा आणि प्रकरणं छोटी असलेलं घेऊन जा,'' हे सांगणारा माणूस पार्सलच्या खोक्यातून येत नाही. तुमच्या गावात असं एखादं दुकान उरलं असेल, तर या महिन्यात तिथून एक तरी पुस्तक घ्या. वाढदिवसाला, हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला वाण म्हणून द्या. आणि सात-आठ मैत्रिणी जमल्या, तर भिशी सुरू करा. खर्च एका साडीपेक्षा कमी येतो आणि पुस्तक बारा घरं फिरून आलं तरी विटत नाही.