पगारी उमेदवारी आणि दूरच्या ओळखी

‘उमेदवार’ हा शब्द आज आपल्याला बहुधा निवडणुकीच्या दिवसांतच भेटतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी त्याचा अर्थ निराळा होता. थोडेफार शिकलेला मुलगा कचेरीत जाऊन बसे, वरिष्ठांच्या हाताखाली कागद नकलून काढी, जमाखर्च शिके आणि एखादी जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी राबे. तो उमेदवार, आणि त्याचे ते राबणे म्हणजे उमेदवारी. शब्द मूळचा फारसी. त्याच्या पोटात ‘उमेद’ आहे, म्हणजे आशा. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतून अशा उमेदवारीच्या कथा आजही ऐकू येतात.

त्याच घरांतील मुले आता कॅनडासारख्या देशांत जातात. पदवी, अनुभव, इंग्रजी सारे गाठीशी असूनही त्यांना तेथे पुन्हा उमेदवारीच करावी लागते. ती पगारी कशी मिळवावी आणि तेथवर पोहोचण्यासाठी ओळखी कशा जोडाव्यात, हे मात्र निघताना त्यांना कोणी सांगत नाही. माझ्या भाच्याच्या निमित्ताने ह्या गोष्टी मला जवळून पाहता आल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

भाचा बडोद्याच्या कलाभवनातून अभियंता झाला. सयाजीराव महाराजांच्या काळी, १८९० मध्ये सुरू झालेले कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा झाले. पण जुने बडोदेकर अजून कलाभवनच म्हणतात. नऊ वर्षे त्याने रासायनिक कारखान्यांतील यंत्रांचे आराखडे केले आणि २०२२ च्या शरदऋतूत तो पत्नीसह टोरांटोस गेला. २०२३ च्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे दोन महिने राहिलो. तेव्हा तो रात्री एका गोदामात खोकी भरण्याचे काम करीत होता आणि भाचेसून एका बेकरीत उभी असे. सकाळी माझ्या चहाच्या वेळी तो घरी परते. अर्ज तीनशेच्या वर गेले होते. मुलाखती झाल्या होत्या दोन. इकडे दांडिया बाजारात ताई शेजारणींना “तो मोठ्या कंपनीत आहे” असे सांगत होती, आणि मेव्हण्यांच्या निवृत्तीच्या पैशातून महिन्यामहिन्याला काही रक्कम तिकडे जात होती. दिवाळीपर्यंत पाहायचे, नाहीतर परतायचे, असे नवराबायकोंनी ठरविले होते.

त्याला अडविणारी भिंत ‘कॅनडातील अनुभव’ ह्या दोन शब्दांची होती. नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही! कॅनडाने १९६७ पासून शिक्षण, भाषा, कौशल्य ह्यांना गुण देऊन माणसे निवडण्याची पद्धत अवलंबिली. म्हणजे सरकार ज्या गुणांवर माणसाला बोलावते, त्याच गुणांकडे मालक पाठ फिरवितो. ही केवळ निराश माणसाची तक्रार नव्हे. टोरांटोतील जाहिरातींना हजारो काल्पनिक अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी असूनही भारतीय, चिनी वा पाकिस्तानी नावाच्या अर्जाला इंग्रजी नावाच्या अर्जापेक्षा कमी बोलावणी आली. आणि परदेशातील अनुभवाच्या जागी कॅनडातील अनुभव लिहिताच बोलावणी वाढली.

कायदा हळूहळू बदलतो आहे. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये ही अट सकृद्दर्शनी भेदभाव करणारी आहे, असे धोरण जाहीर केले. तेथील अभियंत्यांच्या परवाना-संस्थेने २०२३ मध्ये आपल्या नियमांतून ती काढून टाकली. २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकांना १ जानेवारी २०२६ पासून जाहीर जाहिरातीत ती घालता येत नाही. पण जाहिरातीतून गेलेली अट मालकाच्या मनातून तितक्या लवकर जात नाही. त्या मनात विश्वास उत्पन्न करावयाचा, तर माणसाला काम करताना पाहण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे.

पगारी उमेदवारीचे, म्हणजे तेथील भाषेत ‘इंटर्नशिप’चे, मर्म हेच आहे. काही महिन्यांची मुदत, ठरलेला पगार, आपल्याच क्षेत्रातील काम आणि वर देखरेख करणारा एक अनुभवी मनुष्य. मालकाला कायमची बांधीलकी न घेता माणूस पारखता येतो. नवागताला तेथील मापे, नियम, बैठकीत बोलण्याची रीत कळते आणि शेवटी शिफारस करू शकणारा एक स्थानिक वरिष्ठ मिळतो. टोरांटोत १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘करिअर एज’ ह्या ना-नफा संस्थेने अशा पगारी उमेदवाऱ्या जुळविण्याचे काम केले. आरंभी नव्या पदवीधरांसाठी, पुढे परदेशातून शिकून आलेल्यांसाठीही.

येथे ‘पगारी’ ह्या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. भाच्याला एका कंपनीने “तीन महिने विनावेतन या, मग पाहू” असे सुचविले होते. आपल्या घरात हे ऐकताच कोणीही म्हणेल, “जा की, अनुभव तर मिळेल!” पण ओंटारिओत, महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेल्या कामासारखे काही अपवाद सोडले, तर काम करवून घेणाऱ्याने किमान वेतन दिलेच पाहिजे. शिवाय पगार हा केवळ पैशाचा प्रश्न नाही. ज्या कामाला मालक दाम देतो त्याचा हिशेब तो ठेवतो, आणि पुढील अर्जात ते काम नोकरी म्हणून लिहिता येते. जो उलट आपल्याकडूनच शुल्क मागून उमेदवारी देऊ करतो, त्याच्या दारातून तर तत्काळ मागे फिरावे. भाच्याने नकार कळविला. त्या रात्री घरात कोणी फारसे जेवले नाही.

आता ओळखींविषयी. आपल्या मध्यमवर्गीय मराठी मनाला ‘वशिला’ ह्या शब्दाची मोठी घृणा. नवागतांच्या केंद्रातील सल्लागार बाईंनी ‘नेटवर्किंग’चे नाव काढले तेव्हा भाचा मला म्हणाला, “मामा, नऊ वर्षे स्वतःच्या हिमतीवर काढली. आता अनोळखी माणसांपुढे हात पसरायचा का?” त्या बाईंचे उत्तर मला फार आवडले. त्या त्याला म्हणाल्या होत्या, “नोकरी मागूच नका. वीस मिनिटे मागा, आणि त्या माणसाच्या कामाविषयी विचारा.” वशिल्यात पात्रतेला बगल दिली जाते, ओळखीत पात्रता कोणाच्या तरी नजरेस येते. हा फरक पटला, तेव्हा त्याचा संकोच थोडा ढिला झाला.

ओळखी कोणाच्या, हाही प्रश्न आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांनी १९७३ च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखविले की, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगाकडून कळलेली नव्हती. क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण उघड आहे. आपल्या जवळच्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊकच असते. दूरचा मनुष्य दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानेही ह्याच विचाराला बळ दिले. परदेशी महाराष्ट्र मंडळात जावे, गणपतीला आरती म्हणावी, त्याने जीव तगतो; पण केवळ तेथेच घुटमळणाऱ्याला सारखी तीच माहिती फिरून फिरून मिळते.

भाच्याने दर आठवड्याला तीन पत्रे लिहिण्याचा नेम केला. पाच-सहा ओळींचे पत्र: मी कोण, आपले कोणते काम पाहिले, कोणत्या दोन गोष्टी विचारावयाच्या आहेत. दहापैकी सात-आठ उत्तरेच देत नसत. जो भेटे, त्याच्याशी कॉफीच्या पेल्यावर ठरलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही अधिक बसायचे नाही, निघताना “आणखी कोणाशी बोलावे?” एवढे विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी आभाराचे दोन शब्द पाठवायचे. सार्वजनिक ग्रंथालयातील इंग्रजी संभाषणवर्गात त्याला एक निवृत्त श्रीलंकन अभियंते भेटले. त्यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्याचे नाव दिले. त्या सहकाऱ्याने तिसऱ्याचे. त्या तिसऱ्या गृहस्थांच्या विभागात आठ महिन्यांची पगारी उमेदवारी निघाली होती. अर्ज, चाचणी, मुलाखत हे सारे इतरांप्रमाणेच झाले. ओळखीने फक्त त्याचा अर्ज वाचला जाईल एवढे पाहिले. दसऱ्याच्या सुमारास तो रुजू झाला. पगार त्याच्या योग्यतेहून बराच कमी होता आणि वरिष्ठ त्याच्याहून वयाने लहान. मुदत संपल्यावर त्याच कचेरीने त्याला कायम केले.

सगळ्यांचेच असे होत नाही, हे सांगितले पाहिजे. त्याच इमारतीतील एक डॉक्टर अजून परवान्याच्या परीक्षा देत आहेत. डॉक्टर, वकील अशा परवान्याच्या व्यवसायांत वाट अधिक लांब असते. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या व्यवसायाचे तेथील नियम पाहावेत, पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे आणि भेटींची पत्रे येथूनच लिहिण्यास आरंभ करावा. तिकडच्या अर्जात छायाचित्र, वय, विवाहित-अविवाहित असले काही लिहीत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

आणि मागे राहणाऱ्या आईवडिलांसाठी एक विनंती. दर रविवारी दूरध्वनीवर आपण विचारतो, “लागली का नोकरी?” ह्या प्रश्नाला त्या मुलांपाशी बहुधा एकच उत्तर असते, आणि ते द्यावे लागू नये म्हणून ती हळूहळू फोनच टाळू लागतात. त्याऐवजी “ह्या आठवड्यात कोणाला नव्याने भेटलास?” असे विचारून पाहावे. ताईने तसे विचारू लागल्यापासून भाचा तिच्याशी अर्धा अर्धा तास बोलत असे.