आतकूरचा वीरगळ आणि आमची सरमा

वीरगळ पाहिला नाहीं असा महाराष्ट्रीय प्रवासी विरळाच. गांवाच्या वेशीजवळ, पडक्या शिवालयाच्या अंगणांत, कधीं शेताच्या बांधावर असे उभे दगड आपणांस जागोजाग भेटतात. खालच्या कप्प्यांत लढाई, मधल्या कप्प्यांत वीराला स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि शिरोभागीं चंद्रसूर्य, अशी त्यांची बहुधा ठराविक मांडणी असते. मुंबईंत बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धेंहि कोरलेलीं आहेत. परंतु ज्या दगडाची हकीकत मी आज सांगणार आहें, त्यावर झुंज चालली आहे ती एक कुत्रें आणि एक रानडुक्कर यांची. हा दगड मूळचा कर्नाटकांतील मंड्या जिल्ह्यांत, मद्दूर तालुक्यांतील आतकूर या गांवचा. पुढें तो बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत आणला गेला.

बंगळूर हें नांव महाराष्ट्रीयांस परकें नाहीं. शहाजीराजांची जहागीर तेथें होती. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त त्या शहरीं स्थायिक झाल्यापासून मी, आमची सौ. आणि माझी वडील बहीण आक्का असे आम्ही तिघे त्यांच्याकडेच असतों. 1865 सालीं स्थापन झालेलें हें वस्तुसंग्रहालय कबन उद्यानाच्या कडेला, 1877 सालच्या तांबड्या रंगाच्या इमारतींत आहे. सेवानिवृत्त शिक्षकाला सकाळच्या फिरण्यास यापेक्षां सोयीचें ठिकाण कोणतें असणार?

शिलालेख जुन्या कानडींत आहे. मला ती लिपि वाचतां येत नाहीं, पण छापलेल्या वाचनावरून त्यांतील मजकूर मीं समजून घेतला. शके 872 चा, म्हणजे इ. स. 949-50 चा हा लेख. वेरूळचें कैलासलेणें ज्या राष्ट्रकूट घराण्यानें कोरविलें, त्याच घराण्यांतील तिसरा कृष्ण त्या वेळीं राज्य करीत होता. त्यानें तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला. चोळ राजपुत्र राजादित्य तेथेंच पडला. या युद्धांत कृष्णाचा मेहुणा, गंग राजा दुसरा बूतुग, त्याच्या बाजूनें लढला, आणि बूतुगाच्या पदरचा मणलेर नांवाचा वीर पराक्रमांत कोणास हटला नाहीं. प्रसन्न होऊन बूतुग म्हणाला, ‘माग, काय हवें तें माग.’ मणलेरानें मागितलें ‘काळी’ नांवाचें राजाचें शिकारी कुत्रें!

पुढें एका टेंकडीच्या रानांत एका मोठ्या डुकरावर काळीला सोडलें असतां दोघेंहि एकमेकांशीं झुंजत मेलीं. मणलेरानें चल्लेश्वराच्या देवळापुढें तिच्या नांवानें दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठीं जमीन तोडून दिली आणि पूजा पाहणाऱ्या गोरवाला, म्हणजे शैव पुजाऱ्याला, बजावून ठेवलें कीं, या दगडाची पूजा केल्यावांचून जो जेवील त्याला त्या कुत्र्याचें पाप लागेल. गोरव म्हटलें म्हणजे आपणांस जेजुरीचा वाघ्या आठवतो. कर्नाटकांत खंडोबाला मैलार म्हणतात, आणि मैलाराचे सेवक आजहि गोरव या नांवानेंच ओळखले जातात. धन्याच्या दारचें कुत्रें म्हणवून घेण्यांत वाघ्याला भूषण वाटतें, तें उगीच नव्हे.

या दगडापुढें मी पुनःपुन्हां जाऊन उभा राहूं लागलों, त्याला कारण आमच्या घरींच घडलें होतें.

त्या वर्षीं आषाढांत रात्रीच्या पावसांत एक मोटार एका तरुण कुत्रीला धक्का देऊन निघून गेली. चिरंजीव कचेरींतून परतत होते. त्यांनीं तिला पोत्यांत गुंडाळून पशुवैद्याकडे नेलें. मागचा पाय मोडला होता. प्लॅस्टर घातलें, पिसाळरोगाची लस टोंचली. परंतु सहा ते आठ आठवडे तिला कोठें ठेवावें हा प्रश्न उभा राहिला. अशा मुक्या जीवांची व्यवस्था पाहणारी एक मंडळी त्या शहरांत आहे. त्यांच्याकडे जागा नव्हती. तेव्हां बरी होईपर्यंत तुम्हीच सांभाळा, मग आम्ही तिला कायमचें घर पाहून देऊं, असें ठरलें. अशा तात्पुरत्या सांभाळाला ते लोक ‘फॉस्टर’ म्हणतात. आपल्या भाषेंत त्याला ‘न्यास’ म्हणावें. दुसऱ्याची ठेव जपून ठेवावयाची, आणि वेळ येतांच जशीच्या तशी परत करावयाची.

घरांत खरी अडचण आक्काची होती. ती वैधव्य आल्यापासून पंचवीस वर्षें आमच्याकडे आहे आणि तिचें सोवळें आजवर कोणी मोडलेलें नाहीं. ‘कुत्रें घरांत आलें तर मी उपाशी राहीन,’ तिनें स्पष्ट सांगितलें. शास्त्रांत कुत्र्याचा विटाळ सांगितला आहे, हें मला नाकारतां येईना. पण त्याच शास्त्रानें गृहस्थाला वैश्वदेवानंतर कावळ्याकुत्र्यांसाठीं भूमीवर अन्न ठेवावयास लावलें आहे. ज्याला शिवावयाचें नाहीं त्यालाहि जेवूं घातल्यावांचून आपण जेवावयाचें नाहीं, ही त्या व्यवस्थेची थोरवी! मी आक्काला एवढेंच म्हटलें, ‘स्वयंपाकघराकडे ती येणार नाहीं. मागच्या गच्चीवर राहील. बलि मात्र तुझ्या हातचा असूं दे.’ आक्का कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं गच्चीच्या उंबऱ्यापाशीं दूधभाताचा एक गोळा ठेवलेला दिसला.

नांव ठेवण्याचा मान मला मिळाला. देवांच्या हरवलेल्या गाईंचा माग काढणारी ऋग्वेदांतली सरमा, तिचेंच नांव मीं दिलें. मुलांनीं दोन दिवसांत त्याची ‘सरू’ केली.

पहिले पंधरा दिवस सरमा भिंतीला पाठ लावून बसे. केरसुणी दिसली कीं थरथर कांपे. अन्न दिलें तर अर्धें खाई आणि अर्धें तोंडांत धरून कुंड्यांमागें नेऊन लपवी. आमची सौ. म्हणाली, ‘हिला उद्यांचा भरंवसा नाहीं.’ हें वाक्य ऐकून माझी सहा वर्षांची नात रोज निजण्यापूर्वीं गच्चीवर जाऊन तिला सांगूं लागली, ‘सरू, उद्यांहि आहे हं.’ दहा वर्षांचा नातू आपला अभ्यास तिच्या शेजारीं बसून करूं लागला. प्लॅस्टर निघालें त्या दिवशीं ती तीन पायांवर नाचली आणि चौथा हळूच टेंकून पाहिला. पाय जुळला, पण किंचित् लंगडेपणा राहिला तो राहिलाच. आक्का जपाला बसली कीं सरमा उंबऱ्याच्या अलीकडे, बरोबर वीतभर अंतरावर, पुढच्या पायांवर हनुवटी ठेवून पडून राही. तें वीतभर अंतर दोघींपैकीं कोणीं ठरविलें, हें अद्याप मला कळलेलें नाहीं.

संध्याकाळीं मी मुलांना महाभारत सांगत असें. या ग्रंथाची एक गोष्ट मुलांना फार आवडली. त्याच्या आरंभींच जनमेजयाच्या यज्ञांत एक कुत्रें शिरतें. त्यानें हविर्द्रव्याला तोंड लावलेलें नसतें, त्याकडे पाहिलेलेंहि नसतें. तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याची आई सरमा भर यज्ञमंडपांत येऊन विचारते, माझ्या लेंकराचा अपराध काय? कोणापाशीं उत्तर नसतें, आणि ती शाप देऊन जाते. शेवटीं महाप्रस्थानांत पुन्हां एक कुत्रें येतें. द्रौपदी आणि चार भाऊ वाटेंत पडतात, तें मात्र धर्मराजाच्या मागोमाग चालत राहतें. इंद्राचा रथ दाराशीं उभा असतां धर्मराज सांगतो कीं, या भक्ताला टाकून मला स्वर्ग नको. निरपराध कुत्र्याला मारल्यानें कथा सुरू होते, आणि कुत्र्याला न टाकल्यानें ती धर्मापर्यंत पोंचते.

ही गोष्ट माझ्यावरच उलटली. दिवाळीनंतर त्या मंडळीकडून निरोप आला कीं सरमेला घर मिळालें. मद्दूरजवळ एक शिक्षक राहतात, घरची उसाची आणि रागीची शेती आहे, त्यांनीं ती मागितली आहे. नातू ताडकन् म्हणाला, ‘आजोबा, धर्मराजानें स्वर्ग नाकारला, आणि तुम्ही तिला देऊन टाकतां?’

सूनबाई म्हणाल्या, ‘आपण हिला ठेवून घेतलें, तर पावसांत पडलेल्या पुढच्या कुत्र्याला गच्ची कोठली?’ हा विचार खरा होता, पण दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांतलें पाणी अशा हिशेबानें थांबत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी त्याला आतकूरच्या दगडापुढें घेऊन गेलों. म्हटलें, ‘बूतुगानें काळीला टाकलें काय? मागणाऱ्यानें सोनें मागितलें नाहीं, तिलाच मागितलें, म्हणून त्यानें दिलें. टाकणें आणि देणें यांत फरक आहे. टाकणारा मागें वळून पाहत नाहीं. देणारा आधीं घेणाऱ्याचें घर पाहून येतो.’

त्यानें दगडावरचें कुत्रें बराच वेळ न्याहाळलें. मग विचारलें, ‘पण काळीला कोणीं विचारलें होतें?’

चाळीस वर्षें मुलांना शिकवून असा प्रश्न क्वचितच कानीं पडतो. मी म्हटलें, ‘शिलालेखांत तें नाहीं. आपण मात्र सरमेला विचारूं. तिला तेथें राहवत नसेल तर परत आणूं.’

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं आम्ही मोटारीनें निघालों. आक्का आली नाहीं. तिनें दूधभाताचा डबा तेवढा बरोबर दिला. बंगळूरहून मद्दूर सुमारें 80 किलोमीटर. 2023 सालीं खुला झालेला द्रुतगतिमार्ग गांवें टाळून जातो, म्हणून चिरंजीवांनीं मुद्दाम जुना रस्ता धरला. रामनगरच्या प्रचंड शिळा दोहों बाजूंनीं उभ्या राहिल्या. ‘शोले’ चित्रपट येथेंच घेतला गेला, हें सौ. ला ठाऊक होतें, मला नव्हतें! पुढें चन्नपट्टण. तेथील लांकडी खेळणीं आपल्याकडच्या काळ्या कुड्याच्या मऊ, पांढऱ्या लांकडाचीं करतात. लांकूड कातावर फिरत असतांनाच त्यावर रंगीत लाख धरतात, आणि घर्षणाच्या उष्णतेनें ती वितळून चकचकीत बसते. नातीनें तेथें एक लांकडी कुत्रें घेतलें. मद्दूरला तेथील प्रसिद्ध खुसखुशीत वडा खाल्ला. नात सरमेलाहि तुकडा देऊं लागली, तों सूनबाईंनीं हात धरला. वड्यांत कांदा असतो, आणि कांदा कुत्र्याला विषासमान आहे, ही गोष्ट वाचकांनींहि ध्यानीं ठेवावी.

शिंशा नदीच्या त्या मुलखांत ऊस, नारळ आणि रागी यांची दाटी आहे. काळी जेथें झुंजली ती टेंकडी याच बाजूला कोठेंतरी असावी, हा विचार मनांत घोळत होता. शिक्षकांचें घर कौलारू, पुढें ओटा. मी चिरंजीवांमार्फत विचारलें, ‘लंगडी कुत्री आपण कां मागितलीत?’ त्यांनीं आंतून काठी टेंकीत येणाऱ्या आपल्या वृद्ध मातुःश्रींकडे बोट दाखविलें. ‘आई दिवसभर एकटी असते. दोघींची चाल जमेल.’

सरमेला मोकळी सोडली. तिनें अंगण हुंगलें, गोठा हुंगला आणि परत येऊन मोटारीच्या दाराशीं बसली. नातवानें माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललों नाहीं. म्हातारबाईंनीं तिला हांक मारली नाहीं, चुचकारलेंहि नाहीं. रागीच्या मुद्द्याचा एक गोळा ओट्याखालीं ठेवला आणि पाठ करून तांदूळ निवडीत बसल्या. बराच वेळ गेला. मग सरमा उठली, लंगडत गेली आणि जवळ उभी राहून खाऊं लागली. अर्धा गोळा संपला. आतां ती उरलेला घेऊन कोठें लपवील, इकडे आम्हां सर्वांचे डोळे लागले होते. तिनें तो सगळा तेथेंच खाल्ला, जमीन चाटली आणि म्हातारबाईंच्या पाठीला पाठ लावून बसली.

नातू म्हणाला, ‘आजोबा, तिला विचारून झालें.’ परतीच्या वाटेवर तो रडला, पण चला परत फिरूं असें कांहीं म्हणाला नाहीं. त्याच्या बहिणीनें लांकडी कुत्रें त्याच्या मांडीवर ठेवलें.

मणलेरानें काळीसाठीं दगड उभारला, कारण ती त्याच्याजवळून गेली तेव्हां देण्यासारखें दुसरें कांहीं उरलें नव्हतें. आमची सरमा जिवंत आहे. तिच्यासाठीं दगड नको. आक्का अजून रोज दुपारीं गच्चीच्या उंबऱ्यापाशीं दूधभाताचा गोळा ठेवते. पौष लागला तेव्हां तो खावयास त्या मंडळीकडून आलेलें एक डोळा गेलेलें पिल्लूं तेथें बसलें होतें.