साधी कणकण

गेल्या वर्षभरात इथे फारसं लिहिलं नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, नातेवाईकांनाही अर्धवटच माहीत आहे, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये माझं बेंटॉल ऑपरेशन झालं. महारोहिणी मुळाशी फुगली होती आणि तिच्या तोंडाची झडप गळत होती. दोन्ही काढून कृत्रिम झडप बसवलेली डेक्रॉनची नळी शिवली. बेंटॉल आणि डी बोनो यांनी ही पद्धत १९६८ साली मांडली, तेव्हा मी मॅट्रिकला होतो! ऑपरेशन उत्तम झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताप आला तर मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत. आधी रक्त तपासायचं."

ऑगस्टअखेर संध्याकाळची कणकण येऊ लागली. गणपती तोंडावर, मुलगा-सून नातवाला घेऊन यायचे होते. हिला बोललो नाही. कपाटात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. ताप उतरला, चार दिवसांनी परत आला. पुन्हा गोळ्या. असं तीनदा झालं.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप हातातून निसटला. उजवा हात जड, तोंडातून शब्द फुटेना.

कृत्रिम झडपेवर जंतूंनी घर केलं होतं आणि तिथला एक कण सुटून मेंदूत गेला होता. माझ्या गोळ्यांनी ताप झाकला, जंतू मेले नाहीत. उलट रक्ताच्या कल्चरमध्ये ते उगवेनात, त्यामुळे नेमकं औषध ठरवायला वेळ गेला. घशातून नळी घालून केलेल्या इकोत झडपेवरचा पुंजका दिसला. मग सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक. रोज ई.सी.जी. काढत, कारण झडपेच्या मुळाशी पू झाला तर ठोक्यांचा संदेश नेणारी वाट बंद पडू शकते. तसं झालं असतं तर पुन्हा छाती उघडावी लागली असती. ते टळलं.

"अडलं की लपवू नका, लगेच विचारा," असं मी ३४ वर्षं मुलांना सांगत आलो. हिने दवाखान्यात एकदाच विचारलं, "मला सांगावंसं वाटलं नाही का हो?" तेव्हा मला बोलता येत नव्हतं. येत असतं तरी काय सांगणार होतो?

वाचा परत आली. हात निम्माच आला. फळ्यावरच्या माझ्या अक्षराचं शाळेत कौतुक व्हायचं, आता बँकेत सही जुळत नाही. हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टंकलं आहे.

ज्यांच्या घरी कोणाची झडप बदलली असेल, त्यांना एवढंच सांगणं: साधी कणकणही अंगावर काढू नका. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर होऊ द्या. दात काढायला गेलात तर दंतवैद्यांना झडपेचं आधी सांगा.

असो. आमच्याकडचा थर्मामीटर आता हिच्या ताब्यात आहे. रोज संध्याकाळी सातला ती समोर येऊन उभी राहते, आणि मी मुकाट्याने तोंड उघडतो.