मोटारीचा ताळा

शाळामास्तरानें यंत्रांविषयीं लिहावें याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत आम्ही दोन दिवस एका मिस्त्र्यांचे शिष्य झालों होतों. तेथें जें पाहिलें तें आमच्या विद्यार्थ्यांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख.

आमच्या वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली प्रीमियर पद्मिनी मोटार अद्यापि आमच्या दारीं आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाट ११०० या मोटारीच्या धर्तीवर या गाड्या होत असत. सन २००० च्या सुमारास त्या निघणें बंद झालें, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळीपिवळी पद्मिनीहि गेली. अशा गाडीस दुखणें आलें तर वैद्य मिळणें कठीण!

दुखणें आलेंच. एंजिनाच्या पुढील भागांत खडखड होऊं लागली व सेमिनरी हिल्सचा चढ तिला जड जाऊं लागला. आप्तांनीं भंगारांत देण्याचा सल्ला दिला. मातुःश्री एवढेंच म्हणाल्या, "नीट होत असेल तर बघ. नसेल होत, तर मी अडवणार नाही." वडिलांच्या पश्चात् त्या गाडीचीं फडकीं त्याच धूत असत, हें आम्हांस ठाऊक होतें.

सदर भागांतील एका वृद्ध मिस्त्र्यांनीं लांब पेचकस एंजिनास टेकवून त्याची मूठ कानास लाविली आणि निदान केलें, "सर, टायमिंग चेन सैल झाली."

दट्ट्यांच्या वरखालीं होण्यानें क्रँकचा दांडा फिरतो. पेट्रोलमिश्रित हवा आंत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमच्या दांड्यावर चालतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एकच फेरा व्हावा म्हणून कॅमच्या चाकास दुप्पट दांत असतात, व दोन्ही चाकांस एक सांखळी जोडते. वर्षानुवर्षांच्या घर्षणानें सांखळीच्या खिळी झिजतात, ती लांबते, आणि झडपा आपली वेळ चुकवूं लागतात.

रेडिएटर, पट्टा, पुली व पुढचें झांकण निघालें. पहिला दट्ट्या अगदीं वर आणून मिस्त्र्यांनीं दोन्ही चाकांवरील खुणा जुळविल्या व जुनी सांखळी उतरविली. नवी शेजारीं ठेवतां जुनी डोळ्यांस दिसेल इतकी लांब भरली. नवी चढली, खुणा जुळल्या. दुसऱ्या दिवसाची सांज झाली होती. आतां झांकण लावावयाचें, असें आम्हांस वाटलें. मिस्त्र्यांनीं मात्र पाना लावून क्रँक हातानें सावकाश फिरविला.

एक फेरा होतांच आम्ही वांकून पाहूं लागलों. ते हंसून म्हणाले, "सर, एका फेऱ्यात कळत नाही. मोठं चाक अजून अर्ध्याच वाटेवर आहे. दोन फेरे झाले की दोन्ही खुणा जागेवर आल्या पाहिजेत."

दोन फेरे झाले. सांखळीची ढील एका बाजूस गेली आणि मोठ्या चाकाची खूण एक दांत मागें राहिली! झांकण लाविलें असतें तर त्या घटकेस आम्हांस कांहींच उमगलें नसतें. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं दिवा जवळ ओढला, चाकें पुन्हां सोडविलीं व सर्व काम पहिल्यापासून केलें. या वेळीं दोन फेऱ्यांनंतर खुणा तंतोतंत जुळल्या.

रविवारीं मातुःश्रींस घेऊन आम्ही सेमिनरी हिल्सवर गेलों. चढ संपला तेव्हां त्यांनीं मांडीवरच्या फडक्यानें समोरची कांच पुसली.

विद्यार्थी मित्रांनो, गणिताच्या तासास आम्ही ताळा करून पाहावयास सांगतों, तेव्हां तुमच्यापैकीं पुष्कळ जण उत्तराखालीं रेघ ओढून मोकळे होतात. त्या मिस्त्र्यांस कोणी गुण देणार नव्हतें, आणि झांकणाखालचा दांत पाहावयास कोणी येणार नव्हतें. तरी त्यांनीं दोन फेरे फिरविले.