मी काढलेली वायर

कळमनुरीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आजवर जळालेल्या मोटारी किती उघडल्या याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण त्यातल्या बऱ्याचशा एकाच वाटेने माझ्याकडे आल्या. व्होल्टेज कमी, स्टार्टरचा रिले सारखा पडतोय, म्हणून शेतकऱ्याने रिले डायरेक्ट केला. उसाला पाणी मिळालं आणि आठ दिवसांत वाइंडिंग काळं पडलं. अशा प्रत्येकाला मी सांगत आलो की रिले तुला त्रास द्यायला पडत नाही, तुझी मोटार वाचवायला पडतो. हे मी अगदी मनापासून सांगायचो. आणि त्याच दिवसांत इसापूरच्या पाण्यावर चालणाऱ्या एका होडीचा बझर मी स्वतःच्या हाताने बंद केला होता.

पैनगंगेवरचं इसापूर धरण आमच्या तालुक्याच्या सीमेवर. पलीकडे यवतमाळ जिल्हा. तिथले एक वयस्कर भोई गृहस्थ, मी त्यांना मामा म्हणतो, जाळी आणि बर्फ वाहायला फायबरची मोठी होडी वापरतात. तिला त्यांनी कोकणातून जुनं आउटबोर्ड इंजिन आणून बसवलं होतं, 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक. ते उघडणारा माणूस आमच्याकडे कुणी नाही. वायरिंगची कामं करतो म्हणून मामांनी मला बोलावलं.

"मिस्त्री, ह्ये सारखं वाजायलंय बघा. डोकं उठलं."

मी पाहिलं. इंजिनाच्या मागून पाण्याची पिचकारी जोरात पडत होती. हेडला हात लावला तर चटका सोसवत होता. टाकीत ऑइल होतं. म्हणजे इंजिनाला काही झालेलं नव्हतं आणि बझर खोटा वाजत होता. शोधल्यावर कारणही सापडलं: हेडवरच्या टेंपरेचर स्विचची वायर पत्र्याला घासून सोलली होती आणि बॉडीला टेकत होती. तिथे दोन रुपयांची टेप गुंडाळली असती तर काम संपलं असतं. मी ती वायर काढून बाजूला बांधून टाकली. मामा खूश झाले. "बझर म्हणजे नुसती कटकट, आपल्या मिस्त्रीला कान आणि हात आहेत की," असं मी म्हणालो आणि पुढे दोन वर्षं भेटेल त्याला म्हणत राहिलो.

त्या वायरीवर दोन गोष्टी अवलंबून होत्या, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हेड तापलं की स्विच बंद होतो, बझर वाजतो आणि त्याच इशाऱ्यावर इंजिनाची गती आपोआप खाली येते, म्हणजे काठापर्यंत हळूहळू जाता येतं. मी दोन्ही काढून टाकलं होतं.

ट्रॅक्टरला रेडिएटर असतो, स्वतःचं पाणी असतं. होडीच्या इंजिनाला यातलं काही नसतं. ज्या पाण्यावर ते चालतं तेच पाणी ते पितं. खालच्या पायाला जाळी असते, तिच्यातून पाणी आत येतं, आतली रबराची पंखी ते वर ढकलते, इंजिनातून फिरून ते बाहेर पडतं. त्यातली थोडी धार पिचकारी म्हणून दिसावी अशी बाहेर काढलेली असते. ती पंखी गाळाने झिजते. पाण्याशिवाय काही सेकंद फिरली तरी भाजते. आणि इंजिन महिनोन्‌महिने पडून राहिलं तर तिची पाती वाकलेल्या आकारातच आखडून बसतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं. होडी काळ्या गाळातून ओढत न्यावी लागायची. मे महिन्यातल्या एका दुपारी वळवाचं वारं सुटलं असताना मामा आणि त्यांचा मुलगा भर पाण्यात होते आणि इंजिन एकदम जाम झालं. आधी कसलाही आवाज झाला नाही. वल्ह्यांनी ते दोघं अंधार पडता पडता काठाला लागले. जीवावर बेतलं नाही, एवढंच.

इंजिन माझ्याकडेच आलं. पिस्टनवर उभे ओरखडे, हेडची गॅस्केट उडालेली. खालचा पंप उघडला तर पंखीची तीन पाती तुटलेली. त्यांचे तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकले होते. ही घटना एका दिवसात घडलेली नव्हती. पिचकारी बारीक होत गेली असणार आणि हेड कितीतरी वेळा तापलं असणार. बांधून ठेवलेल्या त्या वायरीने दर वेळी सांगितलं असतं.

आता सांगायला जड जातं ते सांगतो. मामांना मी त्या दिवशी खरं बोललो नाही. "जुनं इंजिन आहे, होतं असं," म्हणालो आणि मजुरी घेतली. त्यांचा ऐन हंगाम बुडाला होता. पावसाळा सरल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, वायर मीच काढली होती हे सांगितलं आणि पैसे परत केले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरगं होतं हो होडीत." त्या चार शब्दांनी माझं मत बदललं. कुठल्या पुस्तकाने बदललेलं नाही.

तरी एक शंका मनात उरली होती. 2022 च्या जुलैत वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पुराचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा ती पुन्हा वर आली. एनडीआरएफची बटालियन पुण्याला, एसडीआरएफच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. त्या पोचेपर्यंत जवळ असेल ती होडीच कामाची. अशा वेळी छपरावर माणसं बसलेली आणि इंजिन स्वतःहून मंद झालं तर? पुरात तरी बझर नको, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. पुराच्या पाण्यात पऱ्हाटी, प्लास्टिक, तुटलेली जाळी, सगळं असतं, आणि इंजिनाची जाळी तुंबण्याची शक्यता तिथेच सगळ्यात जास्त. मंद चालणाऱ्या इंजिनावर नाव प्रवाहाकडे धरून कडेच्या झाडापर्यंत जाता येतं. जाम झालेल्या इंजिनावर कुठेच जाता येत नाही.

म्हणून हल्ली कुणी विचारलं तर मी असं सांगतो. बझर वाजला की आधी गती कमी करा आणि मागे वळून पिचकारी बघा. ती नसेल तर होडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करून वर उचला, खालच्या जाळीतलं शेवाळ, पिशवी, तंगूस काढा. जाळी साफ आहे आणि तरी पाणी नाही, तर पंप उघडायलाच हवा. मात्र एकट्या पिचकारीवरही जाऊ नका. होडी काठाला पडून असताना कुंभारीण माशी त्या बारीक नळीत मातीचं घर करते, मग इंजिन थंड असूनही धार दिसत नाही. उलट, थर्मोस्टॅट अडकला तर धार दिसते आणि हेड तापतं. पिचकारी चांगली असेल तर ऑइल बघा. फोर-स्ट्रोक असेल आणि ऑइलचं प्रेशर गेलं असेल तर काठ गाठायचाही मोह धरू नका. जीवाला धोका नसेल तर तिथेच बंद करा. आणि हे सगळं ठीक निघालं तरच वायर सोलली का, उंदराने कुरतडली का, कनेक्टर हिरवा पडला का, ते शोधा. सापडलं तर दुरुस्त करा. सलग वाजणं आणि थांबून थांबून वाजणं यांचे अर्थ कंपनीगणिक वेगळे आहेत, म्हणून इंजिनाबरोबर आलेलं पुस्तक होडीतच पिशवीत बांधून ठेवा.

मामांच्या इंजिनाची वायर मी जागेवर लावली आहे, टेप गुंडाळून. ग्रामपंचायतीच्या, तहसीलच्या किंवा मच्छीमार संस्थेच्या गोदामात अशी होडी उभी असेल तर जून लागण्याआधी एक दिवस काढा. इंजिनाचा पाय पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ते चालवा, पिचकारी बघा. मग ते बंद करून किल्ली ऑन ठेवा आणि साध्या स्विचचं असेल तर स्विचची वायर काढून बॉडीला टेकवा. दोन वायरी असतील तर एकमेकींना जोडा. बझर वाजला पाहिजे. नाही वाजला, तर कुणीतरी माझ्यासारखीच ती वायर काढलेली असेल. ती शोधून पुन्हा लावा.