आग लागली की पाहुणा कोणाकडे बघतो?

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण ज्यांचं लॉज आहे, मंगल कार्यालय आहे, रिसॉर्ट आहे, किंवा जे लेकराबाळांना घेऊन कुठे मुक्कामाला जाणार आहेत, त्यांनी पूर्ण वाचा ही विनंती.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याला, म्हणजे पेपरात ज्याला आर्पोरा म्हणतात तिथे, एका नाइट क्लबला आग लागली. २५ माणसं गेली. त्या रात्रीचा एक व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल. नाच चालू आहे, वाजवणारे वाजवताहेत आणि वर छताशी ज्वाळा दिसताहेत. काही क्षण नाच तसाच चालू राहतो. मग वाजवणारे आपापलं सामान उचलू लागतात.

आमच्या गिरडच्या चौकात चहाच्या टपरीवर या व्हिडिओवर एकच मत होतं. "डोकं नाही का बाप्पा या लोकायले? आग दिसून रायली अन् पाहत बसले!"

त्या लोकांना डोकं होतं. तुमच्या-माझ्याइतकंच होतं. आपण त्या जागी असतो तर आपणही तेच केलं असतं, आणि मला आज नेमकं यावरच बोलायचं आहे.

आग लागली की माणसं घाबरून वेडीवाकडी पळत सुटतात, हे आपण सिनेमात पाहिलं आणि खरं मानलं. दुर्घटनेनंतरच्या बातम्यांमध्येही "एकच घबराट उडाली" हे वाक्य ठरलेलं असतं. गेली पन्नास-साठ वर्षं जगभरातल्या अभ्यासकांनी आगीतून वाचलेल्या माणसांशी बोलून जे गोळा केलं, ते बरंच वेगळं आहे. माणसं पळायला उशीर करतात. आधी वास घेतात, एकमेकांकडे बघतात, "काही जळतंय का?" म्हणून विचारतात. कपडे घालतात, चप्पल शोधतात, बॅग घेतात, बिल द्यायचं राहिलं म्हणून थांबतात. घरची माणसं एकत्र झाल्याशिवाय निघत नाहीत. आणि निघतात तेव्हा ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे जातात. शेजारी दुसरं दार असलं तरी तिकडे वळत नाहीत, कारण ते दार त्यांनी कधी वापरलेलं नसतं.

१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी तरुणांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून आत धूर सोडला. एकटा बसलेला असेल तर शंभरातले ७५ जण उठून बाहेर सांगायला गेले. पण सोबत दोन माणसं अशी बसवली, की ज्यांना काहीच न झाल्यासारखं वागायला सांगितलं होतं, तेव्हा शंभरातले फक्त १० उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत फॉर्म भरत राहिले. कारण सरळ आहे. बाजूचा शांत आहे म्हणजे विशेष काही नसेल, असं प्रत्येकाला वाटलं, आणि बाजूच्यालाही तेच वाटत होतं.

आता हे हॉटेलला लावून पाहा. घरात धूर दिसला तर तुम्ही उठता, कारण घर तुमचं आहे. स्वयंपाकघर कुठे, मेन स्विच कुठे, मागचं दार कुठे, हे अंधारातही पायांना माहीत असतं. हॉटेलात तुम्ही पाहुणे. पाहुणा स्वतःहून गोंधळ घालत नाही. तो वाट बघतो की घरचं कोणीतरी येऊन सांगेल. हॉटेलात घरचं म्हणजे वेटर, मॅनेजर, काउंटरवरचा मुलगा. पाहुणा त्याच्याकडे बघतो. तो धावला तर हा धावतो, तो "काही नाही, बसा" म्हणाला तर हा बसतो.

२९ डिसेंबर २०१७. मुंबईत लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या पबला मध्यरात्रीनंतर आग लागली. १४ जणांचा जीव गेला, त्यातले बरेच जण प्रसाधनगृहाकडे सापडले, धुराने गुदमरलेले. तेव्हाही लोक म्हणाले, संडासात कशाला शिरले? पण विचार करा. अंधार आहे, धूर आहे, डोळे झोंबताहेत. त्या अख्ख्या जागेत तुम्हाला माहीत असलेली दारं दोनच. एक आत येतानाचं, तिकडे आग. दुसरं बाथरूमचं, तिथे मघाशी जाऊन आलेला असता. तिथे पाणी आहे हेही माहीत आहे. मग पाय तिकडेच वळणार. तिसरं दार कुठे आहे हे कोणी सांगितलंच नाही तर माणूस ते कुठून शोधणार? त्याच रात्री त्याच आवारातल्या एका सुरक्षारक्षकाने अनेकांना वाट दाखवून बाहेर काढलं. त्याला ती इमारत माहीत होती.

हडफड्याला काही माणसं जीव वाचवायला खाली स्वयंपाकघराकडे गेली आणि तिथल्या कामगारांसोबत अडकली. तिथे गेलेल्या २५ पैकी २० जण क्लबचे कामगार होते, कोणी झारखंडचा, कोणी आसामचा, कोणी नेपाळचा. ही गोष्ट आपण पटकन विसरलो. ज्याने पाहुण्याला वाट दाखवायची, त्यालाच तळघरातून वर यायला वाट नव्हती.

मुंबईतच कुर्ल्याला १६ ऑक्टोबर २०१५ रोजी एका हॉटेलात गॅसमुळे आग लागून आठ जण गेले, बहुतेक कॉलेजची मुलं. दुपारी पोटमाळ्यावर जेवायला बसली होती. १२ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीच्या करोलबागमध्ये पहाटे हॉटेल पेटलं, १७ गेले. २९ एप्रिल २०२५ ला कोलकात्याच्या बडाबाजारात, १४. यातल्या बहुतेकांना ज्वाळांनी स्पर्शही केला नाही. धुराने नेलं. धूर जिन्यातून वर चढतो आणि झोपलेल्या माणसाला उठायची संधीही देत नाही. १९८० मध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग तळमजल्यावर लागली, पण ८५ पैकी बहुतेक माणसं वरच्या मजल्यांवर मेली. तिथल्या वाचलेल्या पाहुण्यांचा नंतर अभ्यास झाला. अनोळखी माणसं एकमेकांना खोलीत घेत होती, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावत होती, शेजारच्यांची दारं वाजवत होती. आपण म्हणतो आगीत माणूस माणसाला तुडवतो. बहुतेक ठिकाणी माणसाने माणसाला हात दिलेला आहे. चेंगराचेंगरी होते ती दार बंद निघालं की. म्हणजे शेवटच्या मिनिटाला. त्याआधीची जी मिनिटं हातात होती, ती कोणी सांगितलं नाही म्हणून गेली.

आणि सांगणारा असला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. २८ मे १९७७, अमेरिकेतलं केंटकी राज्य. बेव्हर्ली हिल्स सपर क्लब नावाच्या मोठ्या जागेत कार्यक्रम चालू होता. टेबलं आवरणाऱ्या अठरा वर्षांच्या एका मुलाला आग लागल्याचं कळलं. तो सरळ स्टेजवर चढला, माइक हातात घेतला आणि शेकडो लोकांना कोणत्या दाराने बाहेर पडायचं ते सांगितलं. काहींना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे, ते बसून राहिले. पण पुष्कळ उठले आणि वाचले. त्या आगीत १६५ जण गेले. तो मुलगा बोलला नसता तर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. त्याच आगीच्या अभ्यासात दिसलं की वेट्रेस बायकांनी आपापल्या टेबलांवरची माणसं बाहेर नेली. आपलं टेबल, आपला पाहुणा, एवढंच त्यांनी पाहिलं. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या ताजमध्ये गोळीबारात आणि आगीत तिथल्या कर्मचाऱ्यांनी जे केलं ते सगळ्या देशाला माहीत आहे. स्वयंपाकघरातली माणसं पाहुण्यांच्या आणि गोळ्यांच्या मध्ये उभी राहिली.

आता आपल्याकडे येऊ.

गिरडला पंचतारांकित काही नाही. पण पाहुणा आहे. टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दरगाहला वर्षभर माणसं येतात, हिंदू-मुसलमान दोन्ही. नवस फेडतात, स्वयंपाक करून जेवणं घालतात, मुक्काम करतात. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडल्याच्या वाघांमुळे या पट्ट्यात रिसॉर्ट आणि होमस्टे वाढले, छताला बांबू आणि गवत, कारण शहरातल्या माणसाला ते आवडतं. आजूबाजूच्या तालुक्यांच्या गावांत लॉज आहेत. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये दोनशे वऱ्हाडी गाद्या टाकून झोपतात, खाली गॅसची शेगडी पेटलेली असते आणि वर जायला जिना एकच.

मागे एका कामाने जवळच्याच एका गावात लॉजवर थांबलो होतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका लॉजचा नाही. रात्री अकरा-साडेअकराला पाणी घ्यायला खाली आलो तर जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट ओढलेलं, मोठं कुलूप. काउंटरखाली एक मुलगा सतरंजीवर झोपला होता. उठवून विचारलं, "भाऊ, हे रोजच लावता का?"

"हो ना दादा. मालकानं सांगतलं हाये. गिऱ्हाईक बिल न देता निघून जाते."

"चावी कुठाय?"

"माह्यापाशीच रायते. पण कधी कधी मालक घरी घेऊन जाते."

"अन् आग लागली तं?"

तो हसला. "इथं कुठं आग लागते दादा."

मुलगा विशीच्या आतलाच असेल. दिवसभर चादरी बदलायच्या, चहा आणायचा, रात्री गेटपाशी झोपायचं. त्याला शिकवलेलं एकच, पाहुणा पैसे न देता बाहेर जाता कामा नये. भिंतीवर आग विझवायचं लाल सिलिंडर होतं, त्यावर धूळ. ते कसं वापरायचं विचारलं तर म्हणाला, "ते तपासणीवाल्यायसाठी हाये."

वरच्या खोल्यांत झोपलेली माणसं उद्या धूर निघाला तर कोणाकडे बघणार? या मुलाकडे. केंटकीच्या त्या मुलाकडे पाहिलं तसंच. त्याच्याकडे माइक होता. याच्याकडे चावी असेलच याचीही खात्री नाही.

आणि बंबाचं गणित करा. गिरडला किंवा आसपासच्या खेड्यात आग लागली तर हिंगणघाट किंवा उमरेडकडून बंब यायला अर्धा तास तरी धराच. खोलीत धूर भरायला काही मिनिटं पुरतात. म्हणजे आपल्या भागात पहिल्या पाच मिनिटांत जे होईल ते तिथे असलेल्या माणसांच्या भरवशावर. आपल्या वर्धा जिल्ह्याने आग पाहिलेली आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, जवान आणि अग्निशमनचे कर्मचारी गेले. आजूबाजूच्या गावांतली माणसं स्फोटाच्या आवाजाने उठली आणि रातोरात गाव सोडून निघाली. गाव त्यांचं होतं, रस्ता माहीत होता, कोणाला विचारायची गरज पडली नाही. हॉटेलातल्या पाहुण्याला ती सोय नसते.

कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६. इमारतीतली आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची. परवानाधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, तसं प्रमाणपत्र द्यायचं. पण प्रमाणपत्र सिलिंडरचं मिळतं. गेटपाशी झोपलेल्या मुलाला काय सांगितलं आहे, ते कोणत्या कागदावर येतं?

म्हणून लॉज आणि कार्यालयवाल्या मित्रांना सांगणं एवढंच. रात्री माणसं आत असताना गेटला कुलूप लावू नका. बिलाची भीती असेल तर पैसे आधी घ्या. दुसरा जिना असेल तर त्यातल्या गाद्या आणि सिलिंडर आजच काढा. आणि तुमच्याकडे जो सगळ्यात कमी पगारावर रात्री थांबतो त्याला तासभर बसवून शिकवा. कोणती दारं वाजवायची, काय ओरडायचं, कुठून खाली न्यायचं. "आग लागली, या जिन्याने खाली चला", एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणायची परवानगी त्याला द्या. उगाच ओरडला म्हणून त्याचा पगार कापणार नाही, हेही सांगा.

मुक्कामाला जाणाऱ्यांनी खोलीत बॅग टाकली की एकदा जिन्यापर्यंत चालत जा, मधली दारं मोजा. लेकरांनाही मोजायला लावा. धूर दिसला तर कोणाकडे बघत बसू नका, लिफ्टमध्ये शिरू नका, बाथरूममध्ये लपू नका. बॅग राहू द्या. धूर कमी असेल तर वाकून जिन्याने उतरा. जिनाच धुराने भरला असेल तर खोलीत परत या, दार लावा, फटीला ओली चादर लावा आणि खिडकीतून आवाज द्या. बाहेर निघताना शेजारचं दार वाजवा.

आणि रात्री गेटला कुलूप दिसलं तर चावी मागा. लाजू नका. मालक चिडला तर त्याला ही पोस्ट दाखवा.

तुमच्या गावातल्या लॉजवर रात्री गेट उघडं असतं की बंद? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, लॉजचं नको. येत्या ग्रामसभेत आणि तहसीलमध्ये ती यादी घेऊन मी जाणार आहे.